जुनी मापं वाचताना या चुका टाळा

जुन्या खरेदीखतात क्षेत्र ‘४-२०’ असं दिसलं की लोक मोबाईल काढून ४.२० टाकतात. अहो, ते चार एकर वीस गुंठे आहेत. एकराचे गुंठे ४०, म्हणजे हे साडेचार एकर. हल्लीच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि हेक्टरचे आर १००, त्यामुळे तिथे दशांश खपून जातो. तीच सवय इथे नडते.

ओळखीतल्या एका घरात असंच ४-२० तीन भावांत वाटायचं होतं. शहरातून आलेल्या हुशार पुतण्याने ४.२० ला तिनाने भागलं, उत्तर १.४०. मग ते वाचलं कसं? ‘एक एकर चाळीस गुंठे’. म्हणजे प्रत्येकी दोन एकर! थोरल्या दोघांनी दोन-दोन एकरांवर बांध घातले आणि धाकट्याच्या वाट्याला उरले २० गुंठे. बोलाचाली बंद झाल्यावर कागद माझ्याकडे आला. मी आधी सगळ्याचे गुंठे करतो, तेही कागदावर: १८० भागिले ३, प्रत्येकी ६०, म्हणजे दीड एकर. दोन मिनिटांचं काम. पण तेवढा धीर कुणाला आहे?

दुसरं दुखणं शेराचं. आजीच्या वहीतला शेर सरसकट किलो धरतात. वजनी शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. पण धान्य मापाने मोजत: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मापी शेरभर पोहे आणि मापी शेरभर तांदूळ यांचं वजन सारखं कसं येईल? त्यात माप शिगेचं की सपाट, तेही बघायला हवं. मी त्याच घरातलं जुनं मापटं माळ्यावरून काढायला लावतो, जिन्नस भरतो आणि मग काट्यावर ठेवतो.

मण बघितलात तर आधी गाव विचारा. ४० बंगाली शेरांचा मण ३७.३२ किलोचा, मुंबईचा २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो. रूपांतराची ॲपं कुठला मण ते विचारतही नाहीत.

तोळा १० ग्रॅमचा ही आजची सराफी सोय. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. स्त्रीधनाच्या जुन्या यादीतल्या पाच तोळ्यांमागे आठ ग्रॅमहून जास्त फरक पडतो.

आणि एप्रिल १९५७ च्या आधीच्या वहीत रुपयाचे पैसे ६४ धरा, १०० नव्हे.