अमरेलीसचा मोठा कंद: फूल गेलं की खरं काम सुरू होतं

पहिल्या वर्षी भरभरून फुललं, दुसऱ्या वर्षी नुसती पानं आली आणि तिसऱ्या वर्षी तर पानंही बारीक झाली, अमरेलीस लावणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते आणि मग दोष जातो व्हरायटीला नाहीतर मातीला. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, पहिल्या वर्षीचं फूल आपण आणलेलं नसतंच. ज्याने तो कंद शेतात काही वर्षं पोसला त्याच्या मेहनतीचं ते फूल, कळी आत तयार होऊनच कंद आपल्या हातात येतो, आपण फक्त पाणी घालतो. आपल्या हातचं फूल म्हणजे दुसऱ्या वर्षीचं, आणि हे सगळं लिहायला बसलेय ते त्याच्यासाठी.

आधी कंद निवडायचं बघू. हे कंद घेरावर विकले जातात, घेर म्हणजे कंदाच्या पोटाभोवती टेप फिरवून येतं ते माप, व्यास नव्हे. पाकिटावर २६/२८ किंवा ३४/३६ असं काही लिहिलेलं असतं ते सेंटीमीटर. ३४ सेंमी घेराचा कंद म्हणजे साधारण ११ सेंमी जाड, एका मुठीत मावत नाही. २० सेंमीच्या आतला कंद फुलेल याचा भरवसा धरू नका, २४/२६ चा बहुतेक वेळा एक दांडा देतो, ३० च्या वरचे दोन आणि कधी कधी तीनही देतात, एका दांड्यावर सहसा चार फुलं. दोन मध्यम कंद घेण्यापेक्षा एकच दणकट घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, मोठ्या कंदाच्या पोटात शिल्लक जास्त असते, आपल्याकडून एखादी चूक झाली तरी तो सावरतो.

हातात घेतल्यावर कंद वजनदार लागला पाहिजे, अंगठ्याने दाबला तर टणक. बुडाची चकती, म्हणजे जिथून मुळं फुटतात तो भाग, तिथे मऊ लागलं किंवा कुबट वास आला तर तो कंद ठेवून द्या, बाकी कितीही छान दिसला तरी. बाहेरचे तपकिरी पापुद्रे सुटे झालेत, फाटलेत, त्याचं काही नाही. जाड पांढरी मुळं जिवंत असतील तर उत्तमच, ती छाटू नका. लाल डागांनी मात्र घाबरून जाऊ नका, या कंदाला नुसता मार लागला तरी तो जागा लाल करतो, डाग खोलगट असेल, पसरत असेल, नवीन पालवीवरही लाल पट्टे असतील तेव्हा रोगाची शंका घ्यायची.

नावाचा एक गोंधळ इथेच मिटवते कारण त्याने काळजी घेण्यात फरक पडतो. आपण ज्याला अमरेलीस म्हणतो ते शास्त्राच्या भाषेत हिप्पीॲस्ट्रम, मूळ दक्षिण अमेरिकेचं. खरं ॲमेरिलिस म्हणजे ॲमेरिलिस बेलाडोना, ते दक्षिण आफ्रिकेतलं, त्याला आधी पानं येऊन वाळतात आणि मग नुसत्या दांड्यावर फुलं येतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा वाद १९८७ मध्ये कायमचा निकालात काढला पण बाजारात जुनं नाव टिकलं ते टिकलंच. दोन्हींचं वेळापत्रक वेगळं आहे, तेव्हा नेटवर काही वाचताना कुठल्या झाडाबद्दल चाललंय ते बघून घ्या. आणि हो, हिप्पीॲस्ट्रमचा नोंद असलेला पहिला संकर १७९९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने केला होता, आजच्या ताटलीएवढ्या फुलांची सुरुवात तिथून झाली हे मला फार भावतं.

आता लागवड. कुंडी मोठी घ्यायचा मोह होतो तो आवरा. कंद आणि कुंडीची कड यात सगळीकडून दोन ते तीन सेंमी जागा पुरे, मुळं जरा दाटीत असली की हे झाड खूश असतं, आणि मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहून कंद कुजतो ते वेगळंच. कुंडी खोल आणि जड हवी, मातीची असेल तर फारच बरं, कारण अर्धा मीटर उंच दांड्यावर चार मोठी फुलं उघडली की प्लास्टिकची हलकी कुंडी सरळ आडवी होते. खाली भोक पाहिजेच पाहिजे. माती भुसभुशीत, पाणी चटकन सोडणारी, म्हणजे चांगली बागेची माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडी वाळू नाहीतर पर्लाइट, म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे. मुळं सुकलेली असतील तर ती तेवढी कोमट पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा, कंद पाण्याच्या वर राहील असं बघून. मग मुळं पसरवून कंद ठेवा आणि माती अशी भरा की वरचा एक तृतीयांश ते अर्धा कंद उघडा राहील, मान तर अजिबात गाडायची नाही. आधाराची काठी आत्ताच खोचून ठेवा, नंतर खोचायला गेलात तर ती कंदातून आरपार जाऊ शकते. जिथे बर्फ पडत नाही किंवा दव गोठत नाही तिथे हे कंद सरळ जमिनीतही लावता येतात, तेव्हा मात्र मानेपर्यंत मातीत गेले तरी चालतं.

लावल्यावर एकदा नीट पाणी द्या आणि मग थांबा. इथेच सगळ्यात जास्त कंद मरतात. वर काहीच दिसत नाही म्हणून माणूस रोज पाणी घालत राहतो, पण पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही, माती ओलीच राहते आणि बुडाची चकती सडते. कोंब दोन-तीन बोटं वर येईपर्यंत वरची माती सुकली तरच थोडंसं, तेही कडेने, मानेत पाणी साठू द्यायचं नाही. २० ते २४ अंश उबेत साधारण सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं, काही व्हरायटी जास्त वेळ घेतात. दांडा उजेडाकडे झुकतो म्हणून कुंडी दर दोन दिवसांनी थोडी फिरवत राहा. फुलं उघडली की कुंडी कडक उन्हातून काढून जरा गार जागी ठेवा, तेवढ्यानेच फुलं काही दिवस जास्त टिकतात. फुलदाणीत लावायची असतील तर दांडा पोकळ असतो, तो उलटा धरून त्यात पाणी भरायचं, खालून कापसाचा बोळा लावायचा आणि टोकाला रबरबँड गुंडाळायचा म्हणजे टोक चिरून वर वळत नाही.

फुलं गेली की लोक कुंडी कोपऱ्यात सारतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

माझा एक जुना कंद बाजूने सडला होता, वाचणार नाही हे कळल्यावर मी तो सुरीने मधोमध उभा कापला. आत कांद्यासारखे पांढरे जाड पदर, एकात एक बसलेले, आणि त्या पदरांच्या मध्ये बुडाच्या चकतीला चिकटून एक चपटी फिकट हिरवी कळी, करंगळीच्या नखाएवढी. अजून आत गेलं तर पुन्हा काही पदर आणि परत एक, तांदळाच्या दाण्याएवढी. तो कंद त्या वर्षीचं फूल देऊन मोकळा झाला होता, आणि तरी पुढच्या दोन फुलांची तयारी पोटात होती. तेव्हापासून माझी बघायची पद्धतच बदलली. या झाडाचा हिशोब असा आहे की साधारण चार पानं झाली की एक कळी, परत चार पानं, परत एक कळी. आणि प्रत्येक पानाचं बूड फुगून कंदाचा एक पदर बनतं, म्हणजे पान हेच कंदाचं अन्न आणि पान हीच कंदाची भिंत. जी कळी पुढच्या वर्षी वर येणार ती साधारण वर्षभर आधीच आत धरलेली असते, फक्त तिला पोसायला अन्न मिळालं नाही तर ती आतल्या आत सुकून जाते. त्यामुळे वर्षभरात चार तरी धडधाकट पानं आली पाहिजेत, आठ आली तर दोन दांड्यांची आशा धरा.

तर फूल कोमेजलं की ते मागच्या फुगीर हिरव्या गाठीसकट खुडून टाका, बी धरायला लागलं की सगळी ताकद तिकडे जाते. दांडा मात्र लगेच कापू नका, तो हिरवा आहे तोवर अन्न बनवतो, पिवळा पडून लोळला की कापा, आणि कापताना खाली फडकं धरा कारण आतून बरंच पाणी सांडतं. पानं कापायची नाहीत, वेणी घालायची नाही, गाठ मारायची नाही, कितीही पसरट दिसोत. घरातली कुंडी हळूहळू उजेडात न्या, आधी आठवडाभर विरळ सावलीत मग सकाळच्या उन्हात, एकदम उन्हात ठेवली की पानं पांढरी पडून करपतात. दिवसाचे पाच-सहा तास चांगलं ऊन मिळालं की पानं रुंद आणि ताठ येतात, अंधारात वाढलेली लांब लोळणारी पानं काही कामाची नसतात. खत दर दोन आठवड्यांनी, पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्या ताकदीने, सुरुवातीला समतोल आणि पुढे पोटॅश जास्त असलेलं. नुसतं नत्राचं खत मारलं तर पालाच पाला येतो आणि कंद पोसत नाही.

आणि टेप घ्या, खरंच घ्या. फुलून झाल्यावर कंद चक्क आक्रसतो, दाबला तर जरा पोकळ लागतो. माझ्या एका लाल कंदाचा घेर लावताना ३० सेंमी होता, फुलं गेल्यावर २६ भरला, आणि पानांवर सहा-सात महिने नीट गेले तेव्हा ३१ वर गेला. कुंडीवर खडूने दोन्ही आकडे लिहून ठेवते. आकडा परत आला नाही तर ऊन कमी पडलं किंवा खत कमी पडलं, दुसरं कारण क्वचितच.

कडेने पिल्लं फुटतात त्यांचं काय करायचं ते तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. एकच जंगी कंद हवा असेल तर पिल्लाला स्वतःची मुळं आली की कुंडी बदलताना वेगळं करा, गुच्छ हवा असेल तर राहू द्या. पिल्लाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, बियांपासून तीन-चार, आणि संकराच्या बियांमधून आईसारखंच फूल येईल असं नाही. कुंडी दोन-तीन वर्षांतून एकदाच बदला, मधल्या काळात वरची दोन इंच माती काढून नवी घाला, पुरतं.

कीड म्हणाल तर मिलीबग. पांढरा कापूस पानांच्या बेचक्यात आणि मानेतल्या पदरांत लपून बसतो, वरून काही दिसत नाही, म्हणून सुटे पापुद्रे काढून आत बघायची सवय लावा, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा आणि मग नीम ऑइल. काळ्या अंगावर पिवळे-पांढरे पट्टे असलेल्या अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी वेचा, एका रात्रीत पानं फस्त करतात. लाल डागांचा बुरशीजन्य रोग पानांवर पाणी साचलं की वाढतो, पानं कोरडी ठेवा आणि डागाळलेली कापून लांब टाका. पानांवर फिकट-गडद हिरवे पट्टे पट्टे उमटले, मोझॅकसारखे, तर तो व्हायरस, त्याला औषध नाही, मन घट्ट करून तो कंद फेकायचा आणि कात्री स्पिरिटने पुसायची. अजून एक, हा कंद विषारी असतो, त्यात लायकोरीन असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात, आणि दिसतो थेट कांद्यासारखा, म्हणून सुटे कंद स्वयंपाकघरात अजिबात ठेवू नका, लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासूनही लांब.

पानांचा हंगाम झाला की विश्रांती. खत आधी बंद करा, मग पाणी कमी करत करत बंद. पानं आपोआप पिवळी पडू द्या, त्यातलं अन्न कंदात उतरत असतं, पूर्ण वाळली की मानेजवळ कापा. कुंडी तशीच आडोशाला, कोरड्या जागी, साधारण १३ अंशांच्या आसपास आठ ते दहा आठवडे, अंधार असला नसला तरी चालतं, फक्त गोठायला नको. उष्ण हवेत एवढा गारवा मिळत नाही, तरी नुसतं पाणी तोडलं तरी बऱ्याच कंदांना पुरतं, आणि काही तर विश्रांती न देताच आपल्या मर्जीने फुलतात, विश्रांतीचा मोठा फायदा म्हणजे फुलायची वेळ आपल्या हातात येते. पॅपिलिओ नावाची हिप्पीॲस्ट्रमची एक जात मात्र सदाहरित आहे, तिची पानं वाळवायला जाऊ नका, पाणी थोडं कमी करा इतकंच.

शेवटच्या दोन आठवड्यांत रोज मानेकडे बघत जा. पान वर येतं ते चपटं, गोलसर टोकाचं. कळी येते ती मानेच्या एका बाजूने, जाड, चोचीसारखी टोकदार, कधी लालसर कड असलेली. ती दिसली की दहा आठवडे पुरे झालेत का ते मोजत बसू नका, कुंडी उजेडात आणा, वरची माती बदला आणि अर्धा पेला पाणी कडेकडेने द्या.