हळदीच्या सौद्यावर सूत्रांची कोडी

सांगलीच्या हळद सौद्याची पट्टी एक्सेलमध्ये उतरवा: ए रकान्यात जात, बी-त किलो, सी-त क्विंटलचा दर, ओळी २ ते ६. (फंक्शनची नावं, रकान्यांची अक्षरं आणि आकडे प्रत्यक्षात रोमन लिपीत टाईप करायचे.)

पहिलं कोडं: जादा रकाना न घेता एकाच चौकटीत एकूण रक्कम काढा. समप्रॉडक्ट (SUMPRODUCT) प्रत्येक ओळीतला गुणाकार करून सगळ्यांची बेरीज देतं; दर क्विंटलचा, वजन किलोत, म्हणून शंभरानं भागायचं.
=समप्रॉडक्ट(बी२:बी६,सी२:सी६)/१००

दुसरं: सरासरी दर किती? इथं बहुतेकजण ॲव्हरेज लावून फसतात. ५०० किलो १४,००० नं आणि १०० किलो २०,००० नं गेली, तर ॲव्हरेज १७,००० दाखवतं. खरा दर १५,०००. किलो आणि दराच्या गुणाकारांची बेरीज एकूण किलोंनी भागायची, इथं शंभरानं भागायची गरज नाही:
=समप्रॉडक्ट(बी२:बी६,सी२:सी६)/सम(बी२:बी६)

तिसरं, फक्त राजापुरीची रक्कम:
=समप्रॉडक्ट((ए२:ए६="राजापुरी")*बी२:बी६*सी२:सी६)/१००
उत्तर कमी आलं तर नावामागची रिकामी जागा शोधा. ट्रिम ती काढतं.

कुणी बी-त '५० किलो' असं लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. गुणाकाराचं चिन्ह वापरलं तर लगेच #व्हॅल्यू! चूक दिसते. स्वल्पविरामाचं सूत्र मात्र तिथं गुपचूप शून्य धरतं. चूक ओरडून सांगणारं सूत्रच बरं. चौकटीत नुसतं ५० लिहा, 'किलो' शीर्षकात.