पुढच्या चाकांची खडखड : आधी लिंक रॉड, मग शॉकर

पावसाळ्यानंतर बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या जांबोटी-चोर्ला रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन खडखडू लागलं, की गॅरेजवाले थेट दोन्ही शॉकर बदलायला सांगतात. घाई करू नका. छोट्या खड्ड्यांवर सलग खडखड असेल तर बहुधा लिंक रॉड (गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणारी छोटी दांडी). हा स्वस्त भाग, म्हणून सुरुवात इथूनच. ब्रेक मारताना एकदाच 'टक्' वाजलं तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे त्यातलं रबर, बघा. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडी मारत असेल तर स्ट्रटचं (शॉकर आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी) बेअरिंग.

माझी गाडी जॅकवर घेऊन (खाली स्टँड हवाच) चाक वर-खाली हलवलं. प्ले (ढिलेपणा) बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाच्या गोल सांध्यात होता, बुशही फाटलेला. नुसता बुश स्वस्त पडतो, पण प्रेसवर बसवायची मजुरी वेगळी, आणि बॉल जॉइंट गेला की तोच आर्म पुन्हा उतरवायचा. म्हणून पूर्ण आर्म घेतला. शॉकर नुसते ओलसर होते, तेल ओघळत नव्हतं, ठेवले. बदलायचे झाले तर मात्र जोडीनेच.

बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. इथेच बहुतेक मिस्त्री चुकतात. स्प्रिंग कंप्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) स्ट्रटचा मधला नट सोडू नका, जिवाशी खेळ आहे. अलाइनमेंटचा (चाकांचे कोन जुळवणं) खर्च आधीच धरा, नाहीतर टायर एका कडेने झिजतात.