कार्ड, कट आणि मधली वर्षे: व्यावसायिक गोल्फमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

व्यावसायिक गोल्फपटूची खरी मालमत्ता म्हणजे त्याचे टूर कार्ड, अर्थात टूरवर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) खेळण्याचा हक्क. करंडकांची छायाचित्रे छापून येतात, परंतु पुढच्या मोसमात आपल्याला खेळायला मिळणार की नाही हे कार्ड ठरवते. मी काही मोसम देशांतर्गत टूरवर खेळलो आणि आता पुण्यात तरुण खेळाडूंना शिकवतो. त्यांच्या पालकांशी बोलताना मी कारकिर्दीचा विषय नेहमी कार्डापासूनच सुरू करतो, कारण या व्यवसायातील चढ आणि उतार दोन्ही तिथेच मोजले जातात.

भारतात पुरुषांची व्यावसायिक टूर 2006 पासून पीजीटीआय (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया) चालवते. तिचे कार्ड मिळवण्याची नेहमीची वाट क्वालिफाइंग स्कूलमधून, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत क्यू-स्कूलमधून जाते. नावात शाळा असली तरी ती पात्रता स्पर्धाच असते: आधी प्राथमिक फेरी, मग 72 होलची, म्हणजे रोज 18 अशी चार दिवसांची, अंतिम फेरी, आणि तिच्या यादीत वर असलेल्यांनाच कार्ड. एकदा टूरवर आल्यावर मोसमाच्या अखेरीस कमाईच्या क्रमवारीत पहिल्या 60 जणांत राहावे लागते, नाहीतर पुन्हा क्यू-स्कूल. साठाव्या आणि एकसष्टाव्या खेळाडूच्या खेळात फारसा फरक नसतो, पण एकाचा हिवाळा निश्चिंत जातो आणि दुसऱ्याचा त्या चार दिवसांच्या तयारीत.

आता एका आठवड्याचा हिशेब पाहावा. एक कोटी रुपये बक्षीस रकमेच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण 15 लाख रुपये मिळतात. मैदानात शंभराहून अधिक खेळाडू उतरतात. 36 होलनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू गळतात, आणि पहिले 50 व त्या क्रमांकाशी बरोबरीत असलेले तेवढे पुढे खेळतात. कट पार करून तळाशी राहिलेल्याला एकूण रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी वाटा मिळतो आणि कट हुकलेल्याला सहसा काहीच मिळत नाही. प्रवास, खोली, जेवण, प्रवेश शुल्क आणि कॅडीचे (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे) मानधन हा खर्च मात्र दोघांनाही सारखाच असतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा मंगळवारी सुरू होतात, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी कट लागतो. परतीचे तिकीट शुक्रवार रात्रीचेच काढावे आणि कट हुकला तर ते रद्द करण्याचा भुर्दंड सोसावा, असे मी आग्रहाने सांगतो. बुधवारचे तिकीट खिशात ठेवून पहिल्या टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागी) उभे राहणारा खेळाडू शेवटच्या काही होलवर त्या गाडीचाच विचार करू लागतो.

कोरडवाहू शेतीप्रमाणे येथे दोन-तीन चांगल्या आठवड्यांवर सगळे वर्ष काढावे लागते. म्हणून टूरवर जाण्यापूर्वी निदान एका पूर्ण मोसमाच्या खर्चाची तजवीज हाताशी असावी, आणि ती कोणत्याही आठवड्याच्या बक्षिसावर अवलंबून नसावी. मोठा धनादेश आल्यावर लगेच खर्चाची पातळी वाढवणारे कित्येक गुणी खेळाडू मी पुढच्याच वर्षी अडचणीत आलेले पाहिले आहेत. मार्च 2020 नंतर कोविडमुळे स्पर्धा काही महिने पूर्ण थांबल्या, तेव्हा राखीव रक्कम नसलेल्यांना हे फार कठोरपणे जाणवले.

उतार कसा सुरू होतो, हे नवख्यांना समजणे सर्वांत अवघड असते, कारण तो मोठ्या पडझडीने येत नाही. गोल्फमध्ये कमी फटके लागलेला खेळाडू पुढे असतो. दर फेरीला सरासरी एक फटका वाढला, तर चार फेऱ्यांत चार फटके वाढतात, आणि चार फटक्यांत पहिल्या दहातला खेळाडू तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावर जातो. मुळात तिसाव्या क्रमांकावर असणारा त्याच एका फटक्याने कटच गमावतो. हा एक फटका कुठून आला हे खेळाडूला स्वतःच्या आठवणीवरून सांगता येत नाही. चुकलेला छोटा पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा फटका) मनात घर करतो, म्हणून तो पटिंगचा सराव वाढवतो. वास्तविक दोष बहुधा दूरच्या अॅप्रोच फटक्यांत, म्हणजे चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) आणणाऱ्या फटक्यांत असतो, ज्यांमुळे पहिला पटच लांबचा उरतो आणि दुसरा अवघड होतो. यासाठी प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक फटक्याचे अंतर, त्याची जागा आणि परिणाम लिहून ठेवावा. माझ्या स्वतःच्या पडत्या मोसमात या नोंदींनीच मला सावरले, कारण दोष शंभर ते दीडशे यार्डांमधील फटक्यांत आहे हे कागदावर दिसले आणि संपूर्ण स्विंग (काठी फिरवण्याची पद्धत) बदलण्याचे आलेले सल्ले मला शांतपणे नाकारता आले. मोसमाच्या मध्यावर स्विंगची मूलभूत रचना बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. तो बदल स्थिरावण्यास महिने लागतात आणि तोवर कार्ड हातचे जाते.

आपल्या देशातील थोर खेळाडूंच्या कारकिर्दीही अशाच आहेत. जीव मिल्खा सिंग 1998 मध्ये युरोपियन टूरवर पोहोचणारा पहिला भारतीय ठरला. 1999 च्या विजयानंतर मात्र त्याला पुढच्या विजेतेपदासाठी 2006 पर्यंत थांबावे लागले. मग त्या एकाच वर्षी त्याने चीनमध्ये व्होल्वो चायना ओपन, स्पेनमध्ये व्होल्वो मास्टर्स आणि जपानमध्ये दोन स्पर्धा जिंकल्या. कोलकात्याचा एस.एस.पी. चौरासिया रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा. लांब ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचा दूरचा फटका) ही त्याची ताकद कधीच नव्हती. ग्रीनच्या आसपासच्या खेळावर त्याने सारे उभे केले. इंडियन ओपनमध्ये त्याला पुनःपुन्हा उपविजेतेपदावर थांबावे लागले, 2015 मध्ये तर अनिर्बान लाहिरीकडून प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळात. पुढे 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने ती स्पर्धा जिंकली, दुसऱ्यांदा तर सात फटक्यांनी.

अर्जुन अटवालचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 2010 च्या उन्हाळ्यात त्याचे पीजीए टूरचे कार्ड गेले. दुखापतींनी आधीच वेळ खाल्ला होता. ऑगस्टमध्ये ग्रीन्सबरो येथील विंडम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारची पात्रता फेरी खेळून आत आला, पहिल्या दिवशी 61 फटक्यांची फेरी खेळला आणि रविवारी अमेरिकेच्या पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कार्ड गेले असतानाही त्याचा सराव एखाद्या विजेत्याला शोभेल असाच चालू राहिला असणार, त्याशिवाय असा आठवडा घडत नाही. तुमच्याही वाट्याला कार्डाविना महिने येतील. त्या काळात मिळेल ती पात्रता फेरी खेळत राहावे, घरच्या मैदानावर मित्रांसोबत खेळून त्यालाच तयारी समजू नये.

पुण्याच्या उदयन मानेचे नाव येथील मुलांना माहीत असतेच. देशांतर्गत टूरवर तो अनेक वेळा जिंकला होता, तरी टोकियो ऑलिंपिकची जागा त्याला प्रथम मिळाली नव्हती. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली तेव्हा क्रमवारीनुसार त्याला बोलावणे आले आणि 2021 च्या त्या स्पर्धेत तो 56 वा आला. जागतिक क्रमवारी ही दीर्घ काळाच्या कामगिरीवर ठरते, आणि तिथे लहान स्पर्धांमधील चांगल्या निकालांचाही हिशेब होतो. म्हणून आठवडा बिघडला तरी उरलेल्या फेऱ्या टाकून देऊ नयेत.

शरीराची निगा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे इतकेच सांगतो की कंबर आणि मनगट ही या खेळातील दुखापतींची मुख्य ठिकाणे असून, फिजिओथेरपिस्टचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात पहिल्या ओळींमध्ये असावा.

व्यावसायिक कधी व्हावे, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या आपल्या ओळखीच्या मैदानावर हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) शून्य झाले, म्हणजे वेळ आली असे अनेकांना वाटते. ते पुरेसे नाही. दिल्ली गोल्फ क्लबच्या झुडपांनी वेढलेल्या अरुंद फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत दूर मारण्याची काठी, बॅगेतच ठेवावा लागतो, आणि परक्या ग्रीनवरील गवताचा कल समजायला वेळ लागतो. म्हणून परक्या मैदानांवरील स्पर्धात्मक फेऱ्यांचीच सरासरी काढावी. ती पारच्या (मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या) खाली स्थिर नसेल, तर क्यू-स्कूलचे शुल्क भरण्याऐवजी इंडियन गोल्फ युनियनच्या हौशी स्पर्धांचा आणखी एक मोसम खेळावा आणि त्याच वर्षात पदवी पूर्ण करावी. एकदा व्यावसायिक झाल्यावर हौशी दर्जा परत मिळवण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो आणि ती प्रक्रिया चालू असताना हौशींसाठीच्या स्पर्धा खेळता येत नाहीत; त्यामुळे हा निर्णय घेण्यात एक वर्ष उशीर झाला, तरी नुकसान होत नाही.