ज्येष्ठांच्या घरची दुरुस्ती: नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात पेठांमधल्या जुन्या इमारतींत एकेकटे राहणारे आजी-आजोबा बरेच आहेत. नळ गळतो, कडी बसत नाही, असल्या किरकोळ कामाला मिस्त्री लवकर येत नाही, त्याला ते परवडतही नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जण ही कामं विनामोबदला करतो.

गळणाऱ्या नळाचा बहुतेक वेळा नुसता वॉशर गेलेला असतो. पण आधी पाणी बंद करावं लागतं, आणि मेन कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. त्याला जोर लावू नका. तो तुटला तर पाणी थांबवणं अवघड. अडला असेल तर सरळ प्लंबरला बोलवा.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम म्हणजे कमोडशेजारी आधाराचा दांडा बसवणं. जमिनीपासून 33 ते 36 इंच उंची साधारण धरतात, पण टेप नंतर काढा. आधी आजींना रोजच्यासारखं बसून उठायला सांगा. उठताना हात भिंतीवर जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा. कुठला गुडघा दुखतो, कुठल्या हातात जोर आहे, हेही विचारा. टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर जागा बदला. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद ठेवायचा, नाहीतर ती तडकते. मग भोकात गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडून ठेवणारा प्लग, ठोकून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. शेवटी आपण स्वतः दांड्यावर पूर्ण भार टाकायचा, मगच त्यांना हात लावू द्यायचा. भिंतीला हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे मी कुणाकडेच बसवत नाही, ते भार पडला की निसटू शकतात.

बोलावलेलं असतं दाराच्या कडीसाठी, आणि आपल्याला दिसते वाटेतली सुटी सतरंजी. तेव्हा "काकू, ही उचलू का?" असं विचारा. नको म्हणाल्या तर पुढच्या खेपेला पुन्हा विचारा, पण परस्पर काही हलवू नका. अंधारात त्या घरात सवयीनेच वावरतात, खुर्ची वीतभर सरकली तरी ठेच लागते.

बल्ब बदला, पण वायरिंगला हात लावू नका. ते परवानाधारक वायरमनचं काम. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला तर मात्र गप्प बसू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो. घरच्यांना फोन लावून तो बाहेर हलवायलाच सांगा. निघताना केलेलं काम आणि गॅसगळतीचा 1906 हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.