कॉलेजात खेळणाऱ्या लेकीला एनआयएल डील आलंय, आता काय करायचं?

लेकीचा मेसेज आला तेव्हा मी पोह्यांची फोडणी टाकत होते. "आई, एका प्रोटीन पावडरवाल्यांनी डीएम केलाय, २ रील्सचे ४०० डॉलर देतायत, साइन करू का?" मी गॅस बंद केला आणि लिहिलं, थांब, आधी पीडीएफ पाठव. कारण फर्स्ट इयरला तिनं एका कपड्यांच्या ब्रँडचं असंच घाईघाईत साइन केलं होतं, आम्ही पण बघितलं नाही, पैसे आले, टीशर्ट आले, सगळे खूश, आणि करार संपून वर्ष झालं तरी तिचा फोटो त्यांच्या साइटवर तसाच आहे. काढा म्हणून मेल केला तर त्यांनी करारातली ओळ दाखवली, फोटो कायमचा आणि जगभर वापरायचा हक्क आम्हीच लिहून दिला होता. तेव्हापासून मी या एनआयएलच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूनं आपलं नाव आणि चेहरा वापरून कमवायच्या विषयात डोकं घातलंय. इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मैत्रिणींच्या घरी टेनिस, स्विमिंग, गोल्फ खेळणारी बरीच मुलं आता कॉलेजच्या टीममध्ये जातायत, त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहितेय. मी वकील नाही, सीए पण नाही, पण कुठली गोष्ट कुणाला विचारायची एवढं आता नीट कळलंय.

आधी थोडक्यात मागचं. कॉलेजच्या खेळाडूनं स्वतःच्या नावावर एक पैसा घ्यायचा नाही असा एनसीएएचा, म्हणजे इथल्या कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचा, नियम कित्येक वर्षं होता, कॉलेजं मात्र त्यांच्या जीवावर टीव्हीचे करोडो कमवायची. यूसीएलएचा बास्केटबॉलपटू एड ओबॅननला व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब स्वतःसारखा खेळाडू दिसला आणि त्यानं २००९ मध्ये केस केली. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला, २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ९-० नं एनसीएएच्या विरोधात निकाल दिला (ती केस शिक्षणाशी जोडलेल्या फायद्यांची होती, पण हवा बदलली), आणि १ जुलै २०२१ पासून मुलांना आपलं नाव, चेहरा, ओळख वापरून कमवायची मोकळीक मिळाली. त्यालाच सगळे एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात. त्यानंतर जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस केसची तडजोड मंजूर झाली आणि आता कॉलेजं स्वतः सुद्धा खेळाडूंना पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. बातम्यांत बास्केटबॉलच्या केटलिन क्लार्कचे, जिम्नॅस्टिक्सच्या लिव्ही डनचे आकडे आले ते बघून घरात बसून हिशोब करू नका, टेनिसच्या चार नंबरच्या मुलीला स्मूदीच्या दुकानाचं डील येतं, आणि ते पण चांगलंच आहे.

सगळ्यात पहिलं काम, करार उघडायच्याही आधी, व्हिसा बघा. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. मूल सिटिझन असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर पुढे जा. पण आपल्याकडे कितीतरी घरांत मूल ४ वर्षांचं असताना इकडे आलं, इथंच वाढलं, इंग्लिश पण इथलंच बोलतं, आणि अजून एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे कारण बाबांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय. एच-४ वरच्या मुलाला काम करता येत नाही, एच-४ चं जे ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, मिळतं ते फक्त जोडीदाराला, मुलांना नाही. आणि पोस्ट टाकून पैसे घेणं हे कामच धरलं जाऊ शकतं, पैसे नसतील आणि नुसते शूज किंवा रॅकेट मिळत असेल तरी तो मोबदलाच. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, भरून त्यावरचं ईएडी हातात असेल तर गोष्ट वेगळी, पण ते कार्ड प्रत्यक्ष हातात पाहिजे, अर्ज केलाय एवढ्यानं भागत नाही.

माझा भाचा पुण्याहून टेनिस स्कॉलरशिपवर आलाय, तो एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर. पुण्यातून हा रस्ता जुनाच आहे, ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम कडून खेळली, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून, पण तेव्हा हे पैशांचं प्रकरणच नव्हतं. आता त्याच पावडरवाल्यांनी भाच्यालाही मेसेज केला आणि त्याला वाटलं ताई घेतेय तर मी पण घेतो. एफ-१ वर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, आणि बाहेरचं काम सीपीटी, ओपीटीसारखी शिक्षणाशी जोडलेल्या कामाची परवानगी असेल तरच, ब्रँडसाठी रील करणं यातल्या कशात सहज बसत नाही. झॅक ईडी पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा एवढा मोठा बास्केटबॉलपटू, देशातल्या बेस्ट प्लेअरचा मान मिळाला, पण कॅनडाचा असल्यामुळे टीममधले बाकीचे घेत होते तसे डील त्याला घेता आले नाहीत. काँगोहून आलेल्या आणि केंटकी युनिव्हर्सिटीकडून बास्केटबॉल खेळणाऱ्या ऑस्कर शिब्वेनं २०२२ मध्ये टीम बहामाजला गेली तेव्हा तिथं, म्हणजे अमेरिकेबाहेर, डीलची कामं उरकली. तसं सुट्टीत पुण्यात शूट करून चालेल का असं भाच्यानं विचारलं, तर काम देशाबाहेर होणं हा एक मुद्दा झाला, पण नंतर इकडे बसून पोस्ट टाकणं, ब्रँडशी बोलणं, पैसे कुठल्या खात्यात येतात, असे दहा धागे असतात, त्यामुळे इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी सल्ला आणि कॉलेजच्या डीएसओशी (परदेशी मुलांच्या व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) बोलणं, याशिवाय एक स्टोरी पण टाकायची नाही. टीममेट म्हणतील सगळे करतात, कोच म्हणेल काही होत नाही, पण स्टेटस गेलं तर कोच भरून देणार नाहीये. भाच्यानं नाही म्हणून कळवलं. त्याला वाईट वाटलं, मला पण वाटलं, सेम कोर्ट, सेम घाम, आणि एका कागदावरून एवढा फरक.

व्हिसाचं ठीक असेल तर कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम बघणाऱ्या ऑफिसला, मेल. फोन नाही, मेल, म्हणजे उत्तर लेखी राहतं. डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात, असाल तर ६०० डॉलर किंवा त्याहून मोठं बाहेरचं डील झालं की ५ कामाच्या दिवसांत एनआयएल गो नावाच्या पोर्टलवर टाकावं लागतं, तिथं बघतात की खरंच धंद्याचं काम आहे की जाहिरातीच्या नावाखाली खेळाचेच पैसे देतायत, आणि रक्कम वाजवी आहे का. कॉलेजचा लोगो, जर्सी, कोर्टचं नाव रीलमध्ये दिसणार असेल तर त्याची परवानगी वेगळी. कॉलेजचा करार नायकीशी असेल आणि डील दुसऱ्या शूजवाल्यांचं असेल तर आधीच विचारा. दारू, तंबाखू, बेटिंगची डील्स कितीतरी राज्यांत बंदच आहेत, तशी ऑफर आली तर वेळ घालवू नका. आणि "आमच्याकडे आलीस तर", "मॅच जिंकलीस तर" अशी अट कुठल्या बाहेरच्या डीलमध्ये दिसली तर तिथंच थांबा. हायस्कूलच्या मुलांचं राज्याराज्यात वेगळं आहे, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात चालतं पण शाळेचं नाव आणि युनिफॉर्म वापरायचा नाही.

आता करार. रात्री जेवणं झाल्यावर लेक, तिचे बाबा आणि मी असे तिघं पेन घेऊन बसलो, आणि एक एक ओळ मोठ्यानं वाचली, हे खरंच करा, मोठ्यानं वाचलं की कान टोचतात. किती पैसे हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की फोटो, व्हिडिओ, नाव किती दिवस वापरणार. "कायमचं" असेल तर खोडा आणि तिथं तारीख लिहा. आम्ही ६ महिने लिहिलं, त्यांनी वर्ष मागितलं, आम्ही हो म्हटलं, दोन मेलमध्ये काम झालं, म्हणजे मागितलं की मिळतं, आपणच विचारत नाही. मग बघायचं की दुसऱ्या कुणाचं काम घ्यायला बंदी आहे का आणि ती केवढी मोठी आहे, नुसती प्रोटीन पावडर की सगळं खाणंपिणं, कारण ४०० डॉलरसाठी सगळं खाणंपिणं बांधून दिलं तर कोपऱ्यावरच्या स्मूदीवाल्याचं डील पण गेलं. किती रील्स, किती वेळा बदल करून द्यायचे (आमच्या पहिल्या वेळी १ रील ४ वेळा परत आली, मिडटर्मच्या आठवड्यात), शूट कुठल्या दिवशी, मॅच आणि परीक्षेच्या तारखा वगळून, दुखापत झाली किंवा कॉलेज बदललं तर काय, पैसे कधी मिळणार, हे सगळं लिहून घ्या. पोस्टवर ही जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, तो इथला नियमच आहे, ब्रँडनं नको म्हटलं तरी लिहायचं.

करार कॉलेजच्या पलीकडे जातोय का, हे वेगळं तपासा. जेरव्हॉन डेक्स्टर नावाचा फ्लोरिडाचा फुटबॉलपटू, त्यानं २०२२ मध्ये एका फंडाकडून ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलमधल्या (इथली व्यावसायिक फुटबॉल लीग) टॅक्सआधीच्या कमाईचे १५ टक्के, २५ वर्षं, असं लिहून दिलं, नंतर त्याला कोर्टात जावं लागलं. आपली मुलं एनएफएलला जाणार नाहीत हे मान्य, पण पुढच्या कमाईचा हिस्सा मागणारं छोटं कलम छोट्या करारात पण येऊ शकतं. एजंटचं पण तेच, इन्स्टावर मेसेज करून २० टक्के मागणारे भरपूर आहेत, स्वतः आलेलं डील असेल तर त्यातला हिस्सा एजंटला कशासाठी? बऱ्याच कॉलेजांच्या लॉ स्कूलमध्ये करार फुकट वाचून देणारं क्लिनिक असतं, आधी तिथं विचारा.

पावडरचं एक राहिलंच, आणि ते फार महत्त्वाचं आहे. छोटी डील्स जास्त करून सप्लिमेंटवाल्यांचीच येतात. एनसीएएची डोप टेस्ट होते आणि डब्यात लेबलवर नसलेलं काही निघालं तर जबाबदारी खेळाडूची, पहिल्यांदा सापडलं तरी अख्खं एक वर्ष खेळता येत नाही. ४०० डॉलरसाठी १ वर्ष! डब्यावर एनएसएफचा सर्टिफाइड फॉर स्पोर्टचा शिक्का आहे का बघा आणि डबा टीमच्या डायटिशियनला दाखवा, रीलमध्ये प्यायचं नाटक करायचंय असं सांगून भागत नाही कारण पोरं खरंच पितात. आमच्या पावडरवर शिक्का नव्हता. लेकीनं त्यांना सांगितलं की मी तुमचा शेकर आणि बॉटल दाखवते, पावडर नाही, आणि ते तयार झाले.

पैसे आले की टॅक्स. इथं बहुतेक घरं फसतात, कारण पगारासारखं यातून कुणी कापून घेत नाही. हे स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न धरतात, वर्षाला खर्च जाऊन ४०० डॉलर किंवा जास्त उरले की सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, १५.३ टक्के. समजा वर्षभरात ६,००० डॉलर आले, ५०० खर्च झाले, उरले ५,५००, तर इन्कम टॅक्स शून्य असू शकतो पण हा टॅक्स साधारण ७७७ डॉलर भरावाच लागतो. फुकट आलेल्या रॅकेट आणि शूजची बाजारातली किंमत पण उत्पन्नातच. पैसे देणारा जो १०९९ फॉर्म पाठवतो त्याची मर्यादा २०२६ पासून ६०० वरून २,००० डॉलर झालीये, त्यामुळे कितीतरी मुलांना फॉर्मच येणार नाही, पण फॉर्म आला नाही म्हणजे दाखवायचं नाही असं नसतं. मोठी रक्कम असेल तर वर्षातून चार वेळा आधीच भरावं लागतं, एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी, प्रत्येकी १५ तारीख. आम्ही वेगळं खातं उघडलं, आलेल्या प्रत्येक रकमेचे ३० टक्के त्याच दिवशी तिकडे. गरजेवर आधारित फायनान्शियल एड मिळत असेल तर मुलाचं उत्पन्न तिथं मोजलं जातं, एड ऑफिसला आधी विचारा, नाहीतर एका हातानं मिळालं आणि दुसऱ्या हातानं गेलं. एक चांगली बाजू, हे कमावलेलं उत्पन्न असल्यामुळे मुलाच्या नावानं रॉथ आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं, उघडता येतं, २०२५ ला मर्यादा ७,००० डॉलर होती, पण कमाईपेक्षा जास्त टाकता येत नाही.

मूल अजून हायस्कूलला असेल तर कोचला भेटाल तेव्हा डील किती मिळतील हे नंतर विचारा. आधी विचारा की कॉलेज हाउसच्या तडजोडीत सामील आहे का. कारण सामील कॉलेजांत स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली, पूर्वी मुलांच्या टेनिसला साडेचार आणि मुलींच्या टेनिसला ८ असायच्या, आता त्याऐवजी टीममध्ये जास्तीत जास्त १० जण. ऐकायला छान, पण पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतोय आणि तो कुठून तरी काढावा लागतो, कॅल पॉलीनं मार्च २०२५ मध्ये स्विमिंग आणि डायव्हिंगचा अख्खा कार्यक्रमच बंद केला. आपली मुलं खेळतात तेच हे खेळ. म्हणून सरळ विचारा, स्कॉलरशिप किती वर्षांची लेखी देणार, या वर्षी टीममधून कितीजण काढले, ट्रान्सफरनं किती घेतले, कारण आता मोठी, तयार मुलं दुसऱ्या कॉलेजातून येतात आणि हायस्कूलच्या मुलाची जागा जाते. आयव्ही लीग तडजोडीत सामील नाही, तिथं खेळाची स्कॉलरशिप पूर्वीही नव्हती, पण बाहेरचं डील तिथली मुलं घेऊ शकतात.

टीममध्ये काय होतं तेही लेकीशी बोला. तिच्या टीममध्ये नंबर १ ला खेळणारी मुलगी परदेशातली, तिला काही घेता येत नाही, आणि फॉलोअर्स जास्त म्हणून डील चार नंबरच्या आमच्या लेकीला. तिनं स्वतःहून त्या मुलीला आधी सांगितलं, इन्स्टावर कळायच्या आधी, आणि शूट प्रॅक्टिसच्या कोर्टवर नाही केलं. हे मी नाही शिकवलं, तिचं तिलाच सुचलं.

सही झाली की त्याच दिवशी कराराची पीडीएफ, कंप्लायन्सचा मेल आणि डब्याचा फोटो एका फोल्डरमध्ये टाका, आणि करार संपायची तारीख तुमच्या फोनच्या कॅलेंडरवर लावा, मुलाच्या नाही, तुमच्या. त्या दिवशी ब्रँडला मेल करायचा की मुदत संपली, फोटो आणि रील्स काढा, आणि ८ दिवसांनी साइट उघडून स्वतः बघायचं. आमची तारीख ३१ मे आहे, मेल आत्ताच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय.