घरावर बँकेची नोटीस आली, तर घरात किती दिवस राहता येते?

गृहकर्ज थकले म्हणून बँक दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावू शकत नाही. कर्ज थकल्यास तारण ठेवलेल्या घराचा ताबा घेऊन ते विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याने तिला टप्पे घालून दिले आहेत, आणि घरात किती काळ राहता येईल हे हाती आलेला कागद कोणत्या टप्प्याचा आहे यावर ठरते. म्हणून आधी त्यावरील कलम आणि तारीख वाचावी. रजिस्टर पत्र पोस्टमनकडे परत केल्याने मुदत थांबते, हा गावोगावचा समज खोटा आहे.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतीकडे झुकलेले) ठरते; मग कलम १३(२) ची मागणी नोटीस येते आणि तीत फेडीसाठी ६० दिवस मिळतात. म्हणजे हप्ता चुकल्यापासून सुमारे पाच महिने तरी ताब्याचा प्रश्न येत नाही. याच ६० दिवसांत लेखी हरकत द्यावी, कारण तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. कापसाचे चुकारे कधी मिळतील आणि त्यातून किती रक्कम भरता येईल, हे त्याच अर्जात लिहून शाखेची पोच घ्यावी. तोंडी आश्वासनाचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीविना घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

यानंतर दारावर ताबा नोटीस चिकटवली जाते आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. सर्वाधिक घबराट इथेच होते. मात्र हा बहुधा सांकेतिक, म्हणजे केवळ कागदोपत्री, ताबा असतो आणि कुटुंबाला लगेच बाहेर पडावे लागत नाही. खरी घाई वेगळ्या कारणाने करावी लागते: या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत आपल्या भागाच्या (विदर्भात नागपूरच्या) कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाला यात अधिकार नाही, आणि नुसता अर्ज केल्याने कारवाई थांबत नाही, त्यामुळे स्थगिती वेगळी मागावी लागते.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. आदेशासाठी ३० दिवस, वाढवून एकूण ६० दिवस ठरलेले आहेत. व्यवहारात त्याहून अधिक काळ जाऊ शकतो, पण त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण आदेशानंतर नेमलेला अधिकारी पोलिसांसह येतो.

पहिल्या विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मात्र संपूर्ण थकबाकी खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीच वापरावा लागतो. विक्रीत थकबाकी व खर्चाहून जास्त आलेली रक्कम घरमालकाला परत मिळते.

शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही. परंतु मालक शेतकरी आहे एवढ्यावरून गावठाणातील घर सुटत नाही, तेव्हा सातबाऱ्यावरची शेतजमीन गहाण आहे की आखीव पत्रिकेवरची (गावठाणातील मिळकतीच्या उताऱ्यावरची) घरजागा, हे तपासावे. नागरी सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पतसंस्थेचे कर्ज असल्यास वाट निराळी असते: ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, म्हणून वरच्या मुदती तिथे गृहीत धरू नयेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नसते.